जुन्या इमारतीची किल्ली कोणाकडे?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय परभणीचा. परभणीबद्दल दोन म्हणी आपण लहानपणापासून ऐकतो. एक छाती फुगवून सांगायची, 'जगात जर्मनी, देशात परभणी'. दुसरी बाहेरचे लोक आपल्याला चिडवायला वापरतात, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. म्हणजे काय, तर बाहेर जमलं तर जमलं, नाहीतर आहेच आपली परभणी. मला ही दुसरी म्हण जास्त आवडते. 'नाहीतर आहेच' असं ज्याच्याबद्दल म्हणता येतं, ते टिकलेलं असतं ना! ते कुठे पळून गेलेलं नसतं. आज अशाच टिकलेल्या, पण कुलूप लागलेल्या गोष्टीबद्दल बोलायचंय. जुन्या कॉलेजच्या, विद्यापीठाच्या इमारती.

आधी तुमचा प्रश्न घेऊ. कॉलेज संपलं, संध्याकाळचे पाच वाजले. आता बसायचं कुठे? होस्टेलच्या खोलीत तिघं-चौघं. एकाचं लेक्चर मोबाईलवर चालू, दुसरा घरी फोनवर बोलतोय, तिसऱ्याला झोपायचंय. जिंतूर, पालम, सोनपेठहून रोज ये-जा करणाऱ्यांचं तर विचारूच नका. मधले दोन तास रिकामे, आणि पुढची गाडी साडेसहाला. मग काय, स्टँड. नाहीतर चहाची टपरी. मुलींना टपरीही नाही. मुलगा टपरीवर तासभर बसला तर तो 'टाइमपास' करतोय. मुलगी बसली, तर पूर्ण चौक तिच्याकडे बघतो. अभ्यासिका आहेत, पण त्या पैसे भरून. आणि तिथे बोलायचं नाही. ग्रुपने प्रोजेक्ट करायचा असेल, नाटकाची तालीम करायची असेल, नुसतं बसून डबा खायचा असेल, तर जागा कुठली?

या जागेला स्टुडंट सेंटर म्हणतात, आपण विद्यार्थी केंद्र म्हणू. वर्ग नाही, होस्टेल नाही, कँटीनही नाही. जिथे बसायला कारण सांगावं लागत नाही, अशी जागा.

आणि त्याच कॅम्पसमध्ये, जवळपास प्रत्येक जुन्या कॅम्पसमध्ये, एक इमारत अशी असते की तिच्या दाराला कुलूप आहे. आत मोडकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिका, कबुतरं. मी कुठल्या एका इमारतीकडे बोट दाखवत नाहीये. तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल तीच समजा.

आता थोडा इतिहास, कंटाळू नका. १९१८ साली निजाम सरकारने परभणीत प्रयोगक्षेत्र सुरू केलं, शेतीच्या प्रयोगांसाठी. त्याच साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे राजधानीत विद्यापीठ आणि परभणीत कापूस-ज्वारीचे प्लॉट, एकाच वर्षी. पुढे १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय आलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. आणि १८ मे १९७२ ला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचं नाव आहे. परभणी मोती ज्वारी, परभणी क्रांती भेंडी, ही नावं राज्यभर गेली ती इथूनच.

हे सांगायचं कारण, आपल्या भागात इमारतींचेही असेच तीन थर आहेत, आणि प्रत्येक थराचं दुखणं वेगळं आहे. दुखणं ओळखलं नाही की औषध उलटं पडतं.

पहिला थर निजामाच्या काळातला. जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, चुन्याचा दर्जा, खाली शहाबादी फरशी, वर लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या छोट्या छोट्या कमानी. याला जॅक आर्च म्हणतात. छत चौदा-पंधरा फूट उंच. दुपारी बारा वाजता आत गेलात तरी गार वाटतं. कारण जाड भिंतीतून ऊन आत पोचायलाच संध्याकाळ होते, आणि गरम हवा वर जाऊन झरोक्यातून बाहेर पडते. या भिंतींचं दुखणं कोणी आणलं माहितीये? आपण. चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल शोषते, उन्हाळ्यात सोडते. आपण तिच्यावर 'मजबुती'साठी सिमेंटचा गिलावा मारला, वरून ऑइल पेंट. झालं, ओल आत कोंडली. मग दोन वर्षांत पोपडे, पांढरं मीठ, आणि आपण म्हणतो, जुनी झाली, पाडा. तिला चुनाच लावायला हवा होता. चुन्याची घाणी फिरवणारे, त्यात गूळ-बेलफळाचं पाणी घालणारे गवंडी आता कमी राहिलेत, पण संपलेले नाहीत. शोधावे लागतात.

दुसरा थर पन्नास ते सत्तरच्या दशकातला. विटांच्या भिंती आणि वर आरसीसीचा स्लॅब, लांबलचक व्हरांडे. परभणीच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ वर असताना, व्हरांडा म्हणजे काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको. यांचं दुखणं स्लॅबमध्ये. गच्चीवर पाणी तुंबलं, आत झिरपलं, सळईला गंज चढला. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. छतातून सळया दिसायला लागल्या की समजायचं, वेळ कमी आहे.

तिसरा थर, म्हणजे अलीकडच्या. सरकत्या खिडक्या, ज्या अर्ध्याच उघडतात, कमी उंचीचं छत, आणि एसी लावला तरच बसता येईल अशा खोल्या. त्यांच्याबद्दल आत्ता काही बोलत नाही. पन्नास वर्षांनी कोणीतरी दुसरा पॉडकास्ट करेल.

या सगळ्यांच्या खाली एक समान गोष्ट आहे, आपली काळी माती. कापसाला सोनं, इमारतीला ताप. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा तर पाय जाईल एवढ्या. ती वर्षातून एकदा पाया उचलते आणि एकदा खाली सोडते. दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर जाताना दिसते ना, बऱ्याचदा ती यामुळे. रुडकीच्या सीबीआरआयने काळ्या मातीसाठीच तळाशी फुगा असलेले पाइल विकसित केले, अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे हा प्रश्न किती जुना आहे बघा. पण उभ्या इमारतीला पाइल कुठून घालणार? तिथे उपाय अगदी गावठी आहे. भिंतीलगतची माती कायम एकसारखी ठेवायची. गच्चीचं पाणी पायाशी पडू द्यायचं नाही, भिंतीभोवती मीटर-दीड मीटरचा फरशीचा पट्टा करायचा उतार देऊन, आणि मोठं झाड अगदी भिंतीला चिकटून लावायचं नाही. बस्स. लाखोंचं बळकटीकरण नंतर, आधी पन्हाळीचा पाइप नीट करा. आमच्या सिव्हिलवाल्यांची वाईट सवय आहे, पाइपसारख्या गोष्टीला आम्ही इंजिनिअरिंगच समजत नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, एवढं कशाला, पाडून नवीन बांधा ना. याचं उत्तर सरळ 'नको' असं नाहीये.

आपण मराठवाड्यातले आहोत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, किल्लारी. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. हजारो माणसं गेली, आणि ती भूकंपाने जेवढी गेली तेवढीच भिंतींनी गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना बांधणारा आडवा दगडच नाही. वर माळवदाचं मातीचं ओझं. हलली आणि दोन्हीकडे फाकली. त्यामुळे 'जुनं ते सोनं' हे वाक्य मी मराठवाड्यात तरी म्हणणार नाही. आणि ते फार जुनंही नाही झालं. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीचा ४.५ तीव्रतेचा धक्का परभणीत किती जणांनी पलंगावर अनुभवला, आठवतंय ना?

पण किल्लारीनंतर दुसरीही गोष्ट झाली. सगळी घरं पाडली नाहीत. खूप मोठ्या भागात दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा कार्यक्रम झाला. भिंतीत आरपार जाणारे जोड घातले, वरून पट्टे फिरवले, छताचं ओझं कमी केलं. म्हणजे जुनी भिंत सुरक्षित करता येते हे मराठवाड्यानेच शिकलंय. फक्त आधी तपासावं लागतं. स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे कोणीतरी येऊन भिंतीवर टिचकी मारून 'धोकादायक' असा बोर्ड लावणं नव्हे. हॅमरने पृष्ठभागाचा टणकपणा बघतात, अल्ट्रासाउंड पाठवून आतल्या पोकळ्या शोधतात, काँक्रीटचा गोल तुकडा, कोअर, काढून लॅबमध्ये दाबून फोडतात, सळई किती गंजली ते मोजतात. मग कळतं, की पूर्ण इमारत वाईट आहे की फक्त संडासाच्या बाजूचा कोपरा. माझा अनुभव, बऱ्याचदा कोपराच असतो.

अहमदाबादच्या आयआयएमचा किस्सा ऐका. लुई कान नावाच्या मोठ्या अमेरिकन आर्किटेक्टने बांधलेला विटांचा कॅम्पस. २००१ च्या भुज भूकंपात मार बसला, नंतर गळती, विटा पडायला लागल्या. तिथलं ग्रंथालय आणि एक वसतिगृह मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या फर्मने दुरुस्त केलं, ग्रंथालयाच्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तरी डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने ठरवलं, अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायची. माजी विद्यार्थी, जगभरचे आर्किटेक्ट, सगळे उठले. आठवडाभरात, १ जानेवारी २०२१ ला, निर्णय मागे. आणि २०२२ मध्ये संस्था परत म्हणाली, दुरुस्ती परवडत नाही, टिकत नाही, बांधकाम नव्यानेच करू. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. मला त्यातून एवढंच दिसलं, की ज्या इमारतीची डागडुजी वर्षानुवर्षं थोडी थोडी होत गेली नाही, तिच्याबद्दलचा निर्णय शेवटी कडूच होतो.

आपल्या राज्यात चांगली उदाहरणं आहेत. पुण्याच्या विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्कामाचा बंगला. १८९७ मध्ये तिथल्याच समारंभातून परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. १९४९ मध्ये तिथे विद्यापीठ आलं. साहेबांच्या मेजवान्या जिथे चालल्या, तिथे मार्कशीटचा कारभार सुरू झाला. इमारत तीच, काम बदललं. मुंबईत राजाबाई टॉवर आणि खालचं ग्रंथालय, १८७८ चं. २०१३ ते २०१५ मध्ये त्याचं जतनाचं काम झालं, टीसीएसच्या पैशातून. रंगीत काचा एकेक काढून साफ केल्या. आणि महत्त्वाचं म्हणजे ते म्युझियम झालं नाही. ती अभ्यासाची जागा होती, अभ्यासाचीच राहिली.

आणि लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव. गाळाने भरली होती. गावातल्या लोकांनी श्रमदान करून मोकळी केली. आज लोक ती बघायला लांबून येतात.

बरं, जर्मनीचं राहिलं. म्हणीत आलीये तर सांगतो. बर्लिनची संसद, राइशस्टाग, १८९४ ची इमारत. जळाली, युद्धात फुटली, फाळणीत पडून राहिली. १९९९ मध्ये नॉर्मन फॉस्टर या आर्किटेक्टने तिला नवं केलं. वर काचेचा घुमट, त्यात ३६० आरसे, जे खालच्या सभागृहात उजेड पाडतात. घुमटाच्या मधल्या शंकूतून गरम हवा बाहेर जाते. आणि वीज कशावर? वनस्पती तेलावर. करडई आपण पिकवायची, आणि तेलावर संसद त्यांनी चालवायची! असो. मुद्दा असा, की आपल्या पंधरा फुटी छताच्या झरोक्यातही हेच तत्त्व आहे. आपण ते झरोके पुठ्ठे लावून बंद केलेत, कबुतरं येतात म्हणून. जाळी लावा की राव.

आता हिशोब करू. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर उघडा.

समजा इमारतीचं छत ५०० चौरस मीटर. परभणीत वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस धरा. ५०० गुणिले ०.९, झाले ४५० घनमीटर, म्हणजे साडेचार लाख लिटर. वीस टक्के वाया गेले तरी साडेतीन लाखांच्या वर. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे लक्षात ठेवून हा आकडा ऐका. थोडं टाकीत साठवा, संडासाला आणि झाडांना वापरा, उरलेलं विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडा. पण शोषखड्डा भिंतीजवळ खणू नका! काळ्या मातीचं आत्ताच बोललो ना. फोटो काढायला सोयीचा म्हणून दारातच शोषखड्डा करतात, आणि दोन वर्षांनी पायरीच उचलते.

वीज. चाळीस पंखे समजा. जुना पंखा ७५ वॅट, म्हणजे तीन किलोवॅट. दहा तास चालले की रोज ३० युनिट. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, म्हणजे १२ युनिट. १८ युनिट पंखे बदलूनच वाचले, एकही सोलर पॅनेल न लावता. पॅनेलही लावा, दहा किलोवॅटला साधारण १०० चौरस मीटर छत लागतं आणि दिवसाला सरासरी ४० युनिट मिळतात. पण क्रम महत्त्वाचा. आधी गच्ची गळायची थांबवायची, मग वर पांढरा लेप किंवा फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक, म्हणजे खालची खोली तापणार नाही, मग पंखे, आणि शेवटी पॅनेल. आपल्याकडे उलटं होतं. गळक्या गच्चीला भोकं पाडून पॅनेल बसतात, कारण पॅनेलचा फोटो पेपरात येतो.

सिमेंटचंही एक सांगतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. चुनखडी भाजतानाच तो बाहेर पडतो, कोळसा वेगळा. उभ्या भिंतीत जे काही जळायचं होतं ते आपल्या आज्याच्या काळात जळून गेलंय. ती पाडली की मलबा टाकायला जागा शोधा, आणि परत भट्टी पेटवा.

आता सगळ्यात अवघड भाग. तो बांधकामाचा नाहीये. किल्लीचा आहे.

समजा झालं सगळं. झरोके उघडले, गच्ची पांढरी, पाणी आलं. उद्घाटन झालं. संध्याकाळी साडेपाचला शिपाई काका कुलूप लावून घरी. त्यांची चूक नाही, त्यांची ड्यूटी तेवढीच. पण मग तुमचे पाच ते दहा गेले ना! विद्यार्थी केंद्र ज्या वेळात लागतं, नेमक्या त्याच वेळात ते बंद. अशी किती 'वाचनालयं', किती 'जिमखाने' तुम्ही पाहिलेत?

यावर उपाय महाराष्ट्राला माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं, आज राज्यातल्या विद्यापीठांमध्ये त्या नावाच्या योजना आहेत. बहुतेक ठिकाणी मुलांना झाडांना पाणी घालणं, ऑफिसात कागद लावणं अशी कामं देतात. त्यातल्या काही मुला-मुलींना संध्याकाळच्या पाळीने केंद्र चालवायला द्या. किल्ली त्यांच्याकडे, रजिस्टर त्यांच्याकडे, तासाचे पैसे त्यांना. प्रत्येक पाळीत किमान एक मुलगी. का? कारण दारात ओळखीची मुलगी बसलेली असली की बाकीच्या मुली आत येतात. नसली, की महिन्याभरात ते 'मुलांचं केंद्र' होतं, कोणी तसा बोर्ड न लावता.

तसंच संडास. प्लॅनमध्ये तो मागच्या बाजूला, अंधारात, इमारतीला वळसा घालून. मुलींचा संडास मुख्य व्हरांड्यातून जाता येईल असा हवा, दिवा असलेला, पाणी असलेला. पाडापाडीचा खर्च करायचाच असेल तर इथे करा. जिना चढू न शकणाऱ्यांसाठी रॅम्पही आत्ताच, नंतर 'बसवतो' म्हटलेला रॅम्प बसत नाही. आणि सॉकेट. प्रत्येक बाकाजवळ चार्जिंग. हसू नका, जिंतूरला परत जाणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये वीस टक्के चार्ज असणं ही घरच्यांच्या दृष्टीने सुरक्षेची गोष्ट आहे.

पैसे कुठून, हा प्रश्न येणारच. नव्या इमारतीला निधी मिळतो, कारण तिला भूमिपूजन असतं, कोनशिला असते, फीत असते. दुरुस्तीला फीत नसते. गळकी पन्हाळ नीट केल्याची कोनशिला मी अजून पाहिलेली नाही. म्हणून दुरुस्तीची मागणी वरून येत नाही. ती तुमच्याकडूनच यायला लागते, आणि 'आम्हाला केंद्र पाहिजे' अशी घोषणा देऊन उपयोग नाही, ती मोघम होते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. २००५ चा कायदा आहे, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनच प्रश्न विचारा. आपल्या कॅम्पसमधल्या कुठल्या इमारती सध्या वापरात नाहीत आणि कधीपासून? त्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, झालं असेल तर अहवालाची प्रत द्या. आणि मागच्या पाच वर्षांत देखभाल-दुरुस्तीवर किती खर्च झाला, नव्या बांधकामावर किती? 'का केलं नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात. कागद मागा, कागद मिळतो. सहीसाठी एकटं नाव नको वाटत असेल तर चौघांनी चार वेगळे अर्ज टाका, एकेक विषय वाटून घ्या.

उत्तर आलं की त्या इमारतीभोवती एक चक्कर मारा. पावसाळ्यात, छत्री घेऊन. पाणी कुठून पडतंय, कुठे तुंबतंय, तिरक्या भेगा कुठल्या कोपऱ्यात आहेत, फोटो काढा, तारीख टाका. तीच भेग मे महिन्यात परत मोजा. पट्टी धरून फोटो काढला तरी चालतो. कुठल्याही इंजिनिअरला हे द्या, तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, कारण दोन ऋतूंची नोंद त्याच्याकडेही नसते.

फोटो आले तर मलाही पाठवा. भेगांवर एक वेगळा भाग करता येईल. चला, भेटू.